कॅसेटी भरून घेण्याआधी हेडचा स्क्रू पाहा

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरचा कॅसेटींचा खोका खाली येतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो भंगारात द्या, दुसरा म्हणतो कोणाकडून तरी पेनड्राइव्हवर भरून आणा. आम्ही दुसऱ्या पक्षाचे. तरीही एक तक्रार आहे. भरून आणलेला आवाज बहुतेक वेळा कांबळ्याआडून आल्यासारखा दबका असतो आणि ऐकणारे म्हणतात, ‘जुनीच कॅसेट ती, आणखी काय निघणार?’ पुष्कळदा कॅसेटीत याहून बरेच काही शाबूत असते. ते बाहेर काढणाऱ्या यंत्राचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, त्या कॅसेटीला जुळवून घेतलेले नसते, एवढेच. हे घरी कसे करावे आणि कुठे फसते, ते या पत्रात सविस्तर लिहितो आहोत. पत्र लांबले आहे, पण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

आधी निवड. बाजारात विकत मिळालेल्या नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या कॅसेटी शेवटी घ्या. त्यातले बहुतेक कुठे ना कुठे चांगल्या रूपात उपलब्ध असते. घरी टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-कॅसेटच्या एकत्र यंत्रावर, भरलेले आजीच्या ओव्यांचे, बारशाचे, गावच्या भजनी मंडळाचे, कीर्तनाचे, अमेरिकेतल्या मुलाने पत्राऐवजी बोलून पाठवलेल्या खुशालीचे जगात एकच नग असते. ते पहिल्यांदा. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी इशारा दिला, तेव्हा २०२५ पर्यंतचीच मुदत धरली होती. त्यांची चिंता फितीइतकीच यंत्रांची होती, कारण डेक, त्यांचे भाग आणि ते दुरुस्त करणारे हात फितीच्या आधी संपत चालले आहेत. साधी लोह-ऑक्साइडची फीत कोरड्या जागी ४० वर्षेही बरी टिकलेली दिसते.

कॅसेट हातात घेतल्यावर पहिले काम पुसले जाण्यापासून वाचवणाऱ्या तिच्या दोन पट्ट्या मोडण्याचे. ए बाजू आपल्याकडे आणि फितीची उघडी कड खाली धरली की वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पट्टी ए बाजूची, आणि उलटी केली की तशीच डावीकडची बी बाजूची. दोन्ही तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी पुसले जाणार नाही. मग खिडकीतून फितीची गुंडाळी उजेडात पाहा. पांढरट भुकटी किंवा कापसासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ही कॅसेट यंत्रात घालायची नाही. एकदा वाजवली की बुरशीचे कण हेडवर, रोलरवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीवर जातात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमटपणामुळे हा प्रकार फार आढळतो.

अशा कॅसेटी लगेच वेगळ्या पिशवीत बांधा. पापडांसारख्या गच्चीवर उन्हात वाळत घालू नका. खोके वाकते, दाब देणाऱ्या पट्टीचा गोंद सुटतो आणि फीत आखडते. तांदळाच्या डब्यातही नको, पिठूळ धूळ आत जाते. डांबराच्या गोळ्या तर नकोच, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठ-पंधरा दिवस ठेवून बुरशी पूर्ण कोरडी होऊ द्यायची. मग घराबाहेर, नाकाला मास्क लावून, मऊ ब्रशने खोके झाडायचे. फीत साफ करायची तर तिच्यासाठी टाकाऊ यंत्र वेगळे ठेवा. त्यावर ती सावकाश गुंडाळताना धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाच्या घडीतून हलकेच जाऊ द्या. चांगला डेक त्या कामाला वापरू नका.

बुरशी नसेल तर षटकोनी पेन्सिल चक्रात घालून दोन्ही बाजू थोड्या फिरवून पाहा. जड जात असेल तर कॅसेट तळहातावर दोन्ही अंगांनी चार-पाच वेळा हलकी आपटा, म्हणजे वर चढलेले फितीचे थर जागेवर बसतात. त्यानंतर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. याने ताण एकसारखा होतो आणि वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी बसलेल्या थरांचा एकमेकांवर उमटलेला आवाजही थोडा कमी होतो. शब्दाच्या क्षणभर आधी तोच शब्द पुसट ऐकू येतो, तो हा प्रकार. तो पातळ फितीत जास्त. ६० मिनिटांच्या कॅसेटीची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड, ९० ची १२ आणि १२० ची ९. म्हणून १२० ची कॅसेट जलद पुढे-मागे करू नये, ती ताणली जाते आणि रोलरभोवती गुंडाळलीही जाते.

‘मशीनने कॅसेट खाल्ली’ याचे कारणही इथेच सांगून टाकू. धातूचा दांडा आणि रबरी रोलर मिळून फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने पुढे ढकलतात आणि उजवीकडचे चक्र ती ओढून गुंडाळते. चक्राला ओढ देणारा बेल्ट सैल झाला, किंवा कॅसेटच आतून अडकली, तर ढकलणे चालू राहते आणि ओढणे थांबते. बाहेर आलेला फितीचा वेढा रोलरला चिकटून त्याच्याभोवती फिरू लागतो. म्हणजे रोलर स्वच्छ करून भागत नाही, बेल्ट बदलावा लागतो. जुने बेल्ट काही वेळा डांबरासारखे वितळलेले असतात. ते काळे चिकट आधी बेल्ट फिरवणाऱ्या चाकांवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढावे लागते, नाहीतर नवा बेल्टही घसरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत बेल्ट शोधायला जाताना जुना सोबत न्या आणि त्याहून जरा आखूड मागा, कारण जुना ताणून लांब झालेला असतो.

आणखी एक नेहमीचा बिघाड म्हणजे आवाज खोल, अडखळत, मधूनच नाहीसा होणे. कॅसेटीच्या मधल्या खिडकीत, हेडच्या समोर, तांब्याच्या रंगाच्या पातळ स्प्रिंगवर चण्याच्या डाळीएवढा नमद्याचा तुकडा असतो. तो फीत हेडवर दाबून धरतो. गोंद वाळला की तो गळून पडतो आणि फीत हेडपासून सुटते. सुटे अंतर मायक्रॉनमध्ये असले तरी वरचा आवाज आधी जातो. तुकडा आतच पडला असेल तर चिमट्याने काढून अगदी थोड्या गोंदाने परत बसवता येतो. हरवला असेल तर निकामी कॅसेटीची अख्खी स्प्रिंग काढून घाला.

खोके बदलायचे तर पाच स्क्रूंची एखादी रिकामी कॅसेट घ्या. मूळ कॅसेटही स्क्रूची असेल तर काम सोपे आहे. पसरट ताटात ती ए बाजू वर करून ठेवा, पाचही स्क्रू काढा आणि वरचे झाकण सरळ वर उचला. तिरपे उचलले तर वरचा गुळगुळीत कागद चिकटून येतो आणि गुंडाळी सुटते. एकदा गुंडाळी सांडली की संध्याकाळ गेली म्हणून समजा. झाकण उघडताच मोबाइलने फोटो काढा: दोन कोपऱ्यांतले छोटे रोलर, त्यांच्या बाहेरून गेलेली फीत, नमद्यामागची धातूची पट्टी. मग गुंडाळ्या दोन्ही चक्रांसकट, बोट फितीच्या कडांना न लावता, नव्या खोक्यात सरकवा. स्क्रू नसलेले, कडांना वितळवून जोडलेले खोके सांध्यावर धारदार पाते चालवून फोडावे लागते. ते आधी दोन-तीन फालतू कॅसेटींवर शिकावे.

फीत तुटली असेल तर सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद उन्हाळ्यात पाझरून पुढच्या-मागच्या थरांना चिकटतो आणि हेडवर राप चढवतो. कॅसेटीसाठीची ३.८ मिलिमीटर रुंदीची जोडपट्टी मिळते. दोन्ही टोके एकमेकांवर ठेवून एकदम ४५ अंशांत कापा, फटीशिवाय समोरासमोर आणा आणि पट्टी फितीच्या पाठीवर लावा. हेडकडे तोंड असलेली बाजू चुंबकी थराची, तिच्यावर काहीही लावायचे नाही.

आता यंत्र. एका टोकाला यूएसबीची वायर असलेले छोटे ‘कॅसेट कन्व्हर्टर’ ऑनलाइन स्वस्तात मिळतात. मोह होतो, पण त्यांच्यातले वेग एकसारखा ठेवणारे गतिचक्र इतके हलके असते की लांब सूर डुगडुगतो, आणि काहींत डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करूनच बाहेर येतो. त्यापेक्षा जुन्या बाजारातला, मागे लाल-पांढऱ्या पिनांचे लाइन-आउट असलेला घरगुती डेक दुरुस्त करून घेणे कितीतरी बरे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असे डेक अजून दिसतात. घेताना लांबलेला हार्मोनियमचा किंवा बासरीचा सूर वाजवून पाहा. बोलण्यातले हेलकावे लक्षात येत नाहीत, सुरातले लगेच येतात.

डेकचे हेड, धातूचा दांडा आणि फितीच्या वाटेवरचा प्रत्येक धातूचा भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडीवर तपकिरी राप येतो, तो फितीवरून निघालेला. काडी पांढरी राहीपर्यंत पुसा. हाताला लावायचे सॅनिटायझर चालणार नाही, त्यातले ग्लिसरीन मागे राहते. रबरी रोलर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या. जुन्या कॅसेटी वाजवताना ही सफाई दर चार-पाच कॅसेटींमागे करावी लागते. आवाज अचानक दबका झाला तर आधी हेड पुसून पाहा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्या स्क्रूकडे येतो. हेडमध्ये एक बारीक उभी फट असते आणि ती फितीच्या प्रवासाला बरोबर काटकोनात हवी. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचे हेड जरा तिरके असेल तर आवाजाच्या लहरी फितीवर तेवढ्याच तिरक्या उमटतात. वाजवणारे हेड सरळ असले तरी मग ते चुकीचेच ठरते. हिशेब पाहा. ४.७६ सेंटिमीटर वेगात १० हजार हर्ट्झच्या आवाजाची एक लहर फितीवर ४.७६ मायक्रॉन लांबीची असते. साध्या मोनो यंत्राची रेघ, म्हणजे आवाज भरलेला फितीचा पट्टा, दीड मिलिमीटर रुंद. तेवढ्या रुंदीत हेड ०.१८ अंश, म्हणजे अंशाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी कलले, की रेघेच्या एका टोकाला लहर संपते तेव्हा दुसऱ्या टोकाला ती सुरू होत असते. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि १० हजार हर्ट्झचा आवाज शून्यावर येतो. टाळांची किणकिण पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, ‘स’ आणि ‘श’ सारखेच ऐकू येतात. घरगुती टू-इन-वनमध्ये एवढा कल असणे अगदी रोजचे. आणि हा गेलेला आवाज नंतर संगणकावर ट्रेबल चढवून येत नाही, त्याने फक्त फितीची सळसळ वाढते.

उपाय दोन मिनिटांचा आहे. हेडला दोन स्क्रू असतात. त्यांपैकी ज्याच्याखाली छोटी स्प्रिंग असते तो हा कल बदलणारा. दुसऱ्याला हात लावू नका. कॅसेटच्या दाराचे पुढचे झाकण बहुतेक डेकमध्ये वर सरकवून काढता येते, आणि प्ले चालू असताना स्क्रू समोर दिसतो. काहींत त्यासाठी भोकच असते. आधी स्क्रूच्या मूळ जागेवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन खूण करा. पेचकस बारीक आणि चुंबक नसलेला घ्या. आता कॅसेट लावा, डावी-उजवी दोन्ही बाजू एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये, हेडफोनवर ऐका आणि स्क्रू अगदी हळू, पाव फेऱ्याच्या आत, एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरवा. एका ठिकाणी पडदा उचलल्यासारखे होते: टाळ, चिपळ्या, बोलणाऱ्याचा श्वास पुढे येतो. त्या जागेच्या पलीकडे जाऊन पुन्हा मागे या, म्हणजे नेमका बिंदू सापडतो. मोनोमध्येच का ऐकायचे? स्टिरिओ हेड ती रेघ दोन अरुंद पट्ट्यांत वाचते, प्रत्येक पट्टी ०.६ मिलिमीटरची, त्यामुळे एकट्या पट्टीत चूक लपून राहते. दोन्ही एकत्र केल्या की लगेच उघडी पडते.

ही जुळवणी प्रत्येक कॅसेटीसाठी, आणि खरे तर प्रत्येक बाजूसाठी, वेगळी असू शकते. म्हणून कॅसेटी गायकांप्रमाणे किंवा विषयाप्रमाणे न लावता कोणत्या यंत्रावर भरल्या त्याप्रमाणे लावा. ‘काकांच्या टू-इन-वनवरच्या’ दहा कॅसेटी एका जुळवणीत होतात. काम संपल्यावर स्क्रू नेलपॉलिशच्या खुणेवर परत आणा. दुकानदाराला काम देणार असाल तर ‘हेडचा स्क्रू प्रत्येक कॅसेटीला जुळवता का’ हे आणि ‘दुप्पट वेगात भरता का’ हे, असे दोनच प्रश्न विचारा. पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असे लगेच उत्तर आले नाही तर खोका परत घेऊन या.

डॉल्बीचे बटण: घरगुती यंत्रावर भरलेल्या कॅसेटीला ते बंदच ठेवा. चालू केले की सळसळ कमी होते खरी, पण सोबत आवाजही मरतो. दुकानातल्या छापील कॅसेटीवर डॉल्बीची खूण असेल तरच चालू करा, आणि तेही हेड जुळवून झाल्यावर. क्रोमची, म्हणजे वेगळ्या चुंबकी थराची, कॅसेट डेकच्या साध्या फितीसाठीच्या खटक्यावर वाजली तर वरचा आवाज साडेचार डेसिबलच्या आसपास जास्त येतो. ते नंतर दुरुस्त होते, त्याची फार काळजी नको.

संगणकात आवाज कुठून घालायचा, यात निम्मी माणसे फसतात. लॅपटॉपला असलेले एकुलते एक भोक हेडफोन-माइकचे असते. त्यातला माइकचा भाग मोनो, आणि काही मिलिव्होल्टच्या आवाजासाठी बनवलेला. डेकच्या लाइन-आउटमधून साधारण ०.३ व्होल्ट येतात. ते त्यात घातले की फाटका, घोगरा आवाज भरला जातो. डेस्कटॉपच्या मागचे निळे भोक लाइन-इन असते, ते चालेल. नाहीतर स्टिरिओ लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागतो. शंभर-दोनशे रुपयांच्या डोंगलचे गुलाबी भोक पुन्हा माइकचेच. डेक नसून वॉकमनच असेल तर हेडफोनच्या भोकातून घ्या, आवाज अर्ध्यावर, बेस बूस्ट बंद.

सॉफ्टवेअरला पैसे घालवू नका, ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसे आहे. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या इनपुटची सगळी ‘एन्हान्समेंट’ बंद करा. ती राहिली तर गप्प जागा संगणक स्वतःच दाबतो आणि तानपुरा येतो-जातो. ऑडॅसिटीत इनपुट निवडा, स्टिरिओ, ४८ हजार हर्ट्झ, २४ बिट. कॅसेटमधला सर्वात मोठा आवाज शोधून पट्टी उणे ६ डेसिबलपर्यंतच जाईल अशी पातळी ठेवा. शून्याला टेकली की लहरीचा माथा कापला जातो आणि तो परत येत नाही. कॅसेटची स्वतःची, सर्वात बारीक ते सर्वात मोठ्या आवाजाची, पल्ला-क्षमता जेमतेम ५०-५५ डेसिबल असते. २४ बिटमध्ये पातळी खाली ठेवली तरी काही गमवावे लागत नाही, म्हणून घाबरून वर चढवू नका. या मापाने एका तासाला सुमारे १.०४ जीबी लागतात. ९६ हजार हर्ट्झ ठेवले तर दुप्पट. संग्रहालये तसे करतात, घरच्या बोलण्याला त्याची गरज आम्हाला वाटत नाही.

डेक सुरू करण्याआधी फीत न चालवता ऐका. घुमणारा ‘हं’ असा आवाज असेल तर तो तुमच्या जोडणीचा, कॅसेटचा नव्हे. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, बहुतेक वेळा तिथेच थांबतो. लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा. रेकॉर्ड दाबा, मग प्ले, आणि शेवटपर्यंत चालू द्या. गाणे संपले म्हणून बंद करू नका. ६० मिनिटांच्या कॅसेटीत प्रत्येक बाजूला मिनिट-दोन मिनिटे जास्त फीत असते, आणि घरगुती कॅसेटींच्या शेवटी अनेकदा यंत्र बंद करायचे राहून गेलेले बोलणे सापडते.

वेगाचा प्रश्न मात्र कान लावून सोडवावा लागतो. वेगात ६ टक्के फरक पडला की अर्धा स्वर बदलतो, काळी एकचे गाणे पांढरी दोनचे वाटते. गायकाची पट्टी माहीत असेल तर काम सोपे. माहीत नसेल तर एक युक्ती आहे. भरणारे यंत्र विजेवर चालत होते तर त्याची गुणगुण फितीवर उमटलेली असते. भारतात ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची, १०० आणि १५० ची. अमेरिकेत भरलेल्या कॅसेटीत ६०, १२०, १८० ची. भरलेल्या फाइलची एक प्रत घ्या आणि फक्त मोजण्यापुरती ती ८ हजार हर्ट्झवर उतरवा. बोलण्यातल्या थांब्यासकटचा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ ६५५३६ वर काढा. टोक १५० ऐवजी १४५.५ ला दिसले तर कॅसेट ३ टक्के सावकाश वाजते आहे. मूळ फाइलला ‘चेंज स्पीड’मध्ये १.०३१ द्या. टोक बरोबर १५० ला असेल तर मात्र संशय घ्या, ती तुमच्या डेकची गुणगुण असू शकते. सेलवर भरलेल्या कॅसेटीत ही गुणगुण नसते, आणि तिथे वेगळीच गंमत होते: भरताना सेल उतरत गेले की मोटर मंदावते, त्यामुळे वाजवताना माणसाचा आवाज शेवटाकडे चिरका होत जातो. तो टप्प्याटप्प्याने खाली आणावा लागतो.

मूळ फाइल तशीच वेगळी ठेवून मगच तिच्या प्रतीवर साफसफाई करा. ‘नॉइज रिडक्शन’ला सळसळीचा नमुना द्यावा लागतो. तो सुरुवातीच्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवरून घेऊ नका, तिथे फितीची सळसळ नसतेच. आवाज सुरू होण्याआधीचे दोन सेकंद घ्या. ६ ते ८ डेसिबल कमी करणे पुरे. १२ च्या पुढे गेलात की माणसे पाण्याखालून बोलू लागतात. शास्त्रीय गायनात आणखी सांभाळा. मैफिलीत तानपुऱ्याशिवायचा क्षण नसतो, म्हणून नमुन्यात तानपुरा शिरतो आणि सॉफ्टवेअर त्यालाच कचरा समजून त्याची जवारी पुसून टाकते. गाणे सुरू होण्याआधीची शुद्ध सळसळ मिळत नसेल तर साफसफाई करूच नका. टू-इन-वनमधल्या स्वयंचलित पातळीमुळे शांततेत वर चढणारा आणि शब्द आला की खाली बसणारा पंख्याचा आवाजही तसाच राहू द्या.

फाइलींचे थोडक्यात. कॅसेटवर पेन्सिलीने क्रमांक टाका, तोच फाइलीच्या नावात द्या, पुढे बाजू आणि वर्ष. आतल्या कागदाचा दोन्ही अंगांनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आवाज कोणाकोणाचे, हे ओळखणारी माणसे घरात आहेत तोवर लिहून घ्या. जपायची प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये, ऐकायची एमपीथ्रीत. तीन ठिकाणी ठेवा, त्यातले एक घराबाहेर. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, ऑडिओ म्हणून नको.

युट्यूबवर टाकण्याआधी थांबा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात स्वतःच्या खासगी वापरासाठी सवलत आहे, जाहीर करण्यासाठी नाही. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, मैफिलीतल्या कलावंताचा हक्क ५० वर्षे. ओव्या, भारुडे, पोवाडे असा लोकपरंपरेचा ऐवज असेल आणि गाणाऱ्यांच्या घरच्यांची हरकत नसेल, तर तो संग्रहालयाला द्यावा. ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’चे गुरुग्राममधले संगीत-संग्रह केंद्र १९८२ पासून हेच काम करते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गोळा केलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर लोक ऐकतात आणि वाचतात.

भरून झालेली कॅसेट फेकू नका. उद्या याहून चांगला डेक हाती लागेल. शेवटपर्यंत वाजवून झाली की मागे न गुंडाळता तशीच डबीत घाला, पुस्तकासारखी उभी ठेवा, स्पीकरपासून दूर आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. डेक मात्र प्ले दाबलेला ठेवून विजेच्या बटणाने बंद करू नका. रबरी रोलर दांड्यावर दाबून राहतो, त्याच्यावर खळगा पडतो, आणि पुढच्या कॅसेटीत रोलरच्या दर फेऱ्याला सूर हलतो.

आपले,
कॅसेट दुरुस्ती व ध्वनिरूपांतराचे काम करणारे काही वाचक, पुणे